शर्यतीनंतरचे बारा तास

मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर ओलांडून पुढे जाणारी प्रत्येक शर्यत म्हणजे अल्ट्रा. पुण्याजवळच्या सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रामध्ये तर १०० किलोमीटरचा गट आहे. अशा डोंगरी धावण्याचा सराव करायला अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यासारखा मुलूख नाही. बारीतून कळसूबाई, १६४६ मीटर, रतनवाडीतून रतनगड, तिथून कात्राबाईच्या खिंडीतून थेट हरिश्चंद्रगड. बूट, चढ, वेळ यांवर धावणारे तासन्‌तास बोलतात. शेवटचं पाऊल पडल्यानंतरच्या बारा तासांचा विचार मात्र क्वचितच होतो.

पहिला धोका गाडीचा. भंडारदऱ्याहून मुंबईला परतायचं तर घोटी, इगतपुरी आणि पुढे कसारा घाट. डोळ्यांवर झोप आणि मांड्या आखडलेल्या, अशा अवस्थेत स्टिअरिंग हाती घेणं जिवावरचं आहे. म्हणूनच धावण्याच्या वाटेजवळ तंबूत रात्र काढणं ही चैन नव्हे. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाच्या जलाशयाकाठी मुरशेत, पांजरे, रतनवाडी या परिसरात गावकरी तंबूची आणि जेवणाची सोय करतात. ती आधीच ठरवून ठेवावी.

आधीच, कारण धावून आल्यावर माणसाला स्वतःचं काही सुधरत नाही. या जिल्ह्याला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तीनाथांची पालखी दरवर्षी अहिल्यानगर शहरातून, मिरजगावावरून करमाळ्याकडे जाते. दिंडीचं सामान गाडीतून पुढे जातं. वारकरी मुक्कामी पोचतात तेव्हा तंबू उभे असतात, चूल पेटलेली असते. गावोगावी कुणी पाय चेपून देतं, कुणी फोडांवर मलमपट्टी करतं. चालणाऱ्याने फक्त चालायचं, बाकीचं इतरांनी पाहायचं. अल्ट्रा धावणाऱ्यानेही निदान एक न धावलेला माणूस सोबत आणावा. तंबू त्याने ठोकावा, गाडीही त्यानेच चालवावी.

थांबल्यावर पहिलं काम कपडे बदलण्याचं. धावताना स्नायू उष्णता तयार करत असतात. पाय थांबले की ती घटते आणि घामाने ओला शर्ट अंगातली ऊब झपाट्याने खेचतो. थंडीत जलाशयाकाठी हे फार लवकर जाणवतं. मग थोडं थोडं खाणं: वरणभात, पिठलं-भाकरी, जे पोट स्वीकारेल ते. पाणी तहानेप्रमाणे प्यावं. लिटरामागून लिटर नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं. डोकेदुखी, उलट्या, बरळणं ही त्याची लक्षणं, आणि अशा वेळी आणखी पाणी पाजणं घातक ठरतं.

वेदनाशामक गोळीबाबत तर हात आवरायलाच हवा. गोबी, अटाकामासारख्या ठिकाणच्या अल्ट्रांमध्ये ८९ धावपटूंवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आयबुप्रोफेन घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांच्या मूत्रपिंडांवर ताण दिसला. नुसती साखरगोळी घेतलेल्यांत ३४ टक्क्यांच्या. आधीच पाणी कमी झालेलं, त्यात फाटलेल्या स्नायूंमधली प्रथिनं रक्तात उतरलेली. लघवी कोलासारखी गडद झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

पाय चेपण्याचं काय? अमेरिकेतल्या १६१ किलोमीटरच्या वेस्टर्न स्टेट्स शर्यतीनंतर याचीही चाचणी झाली. मालिशने त्या वेळेपुरतं दुखणं हलकं झालं, पुढच्या दिवसांत मात्र विशेष फरक पडला नाही. तरीही त्या रात्री मिळणारा आराम खराच असतो.

झोपायचं ते चेन बंद केलेल्या तंबूत. उघड्यावर जमिनीवर पथारी टाकणाऱ्यांना मण्यार रात्री चावते. तिचा दंश फारसा दुखत नाही, म्हणून गाढ झोपेत कळतही नाही. पहाटे पोटात दुखू लागलं, पापण्या जड झाल्या, तर तो थकवा समजू नये.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिने उतरणं नकोसं होतं. हे बहुतांशी उताराचं देणं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावतो आणि त्याचे तंतू सूक्ष्म पातळीवर तुटतात. शिवाय सर्दी-घसा सांभाळावा लागतो. दक्षिण आफ्रिकेत १९८२ च्या ५६ किलोमीटरच्या टू ओशन्स शर्यतीनंतर पुढच्या दोन आठवड्यांत ३३ टक्के धावपटूंना श्वसनमार्गाचा त्रास झाला. न धावलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. हलकं चालणं लवकर सुरू करायला हरकत नाही. डोंगर मात्र काही आठवडे लांबच ठेवावा.

या काळात रक्त तपासायची वेळ आली, तर कधी आणि किती धावलो हे डॉक्टरांना आधी सांगावं. स्नायूंची इजा दाखवणारं क्रिएटिन कायनेज कित्येक दिवस चढलेलं दिसतं. हृदयाच्या तपासणीतलं ट्रोपोनिनही लांब धावण्यानंतर एक-दोन दिवस वाढलेलं असू शकतं. छातीत दुखत असेल तर मात्र त्याचं खापर धावण्यावर फोडून घरी बसू नये.