क्रिकेट 07: पोट्ट्यांनी पुरा केलेला खेळ

कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात, अटलांटिकच्या काठावर ल्युनेनबर्ग नावाचं एक जुनं गाव आहे. मासेमारी आणि लाकडी जहाजं यांवर वाढलेलं, रंगीत लाकडी घरांचं, वस्ती दोन-अडीच हजारांची. तिथल्या पोरांचा खेळ आइस हॉकी. तरी विदर्भातल्या बुलडाणा जिल्ह्याच्या पोरांनी संगणकावर जे क्रिकेट वर्षानुवर्षं खेळलं, ते याच गावात बनलं. एचबी स्टुडिओज ही तिथली कंपनी. तिने घडवलेला ‘क्रिकेट 07’ ईए स्पोर्ट्सने नोव्हेंबर 2006 मध्ये बाजारात आणला. बुलडाण्याच्या खामगाव तालुक्यातलं पिंपळगाव राजा वस्तीने ल्युनेनबर्गहून मोठं आहे. कपाशी, सोयाबीन आणि तुरीचं गाव. पिंपळगाव राजासारख्या गावांसाठी हा खेळ मुळीच बनवलेला नव्हता. तरीही तो टिकला तो अशाच गावांत.

बनवला होता तो इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियासाठी. 2005 च्या उन्हाळ्यात इंग्लंडने ॲशेस ही ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी मालिका 2-1 अशी जिंकली होती, तीही अठरा वर्षांत पहिल्यांदाच. एजबॅस्टनची कसोटी अवघ्या दोन धावांनी जिंकली. त्या मालिकेतले अटीतटीचे प्रसंग ‘क्रिकेट 07’ मध्ये जसेच्या तसे मांडलेले होते, आणि मधूनच हाती घेऊन त्यांचा निकाल फिरवता येत होता. पुढची ॲशेस 23 नोव्हेंबर 2006 ला ब्रिस्बेनमध्ये सुरू होणार होती आणि खेळ नेमका त्याच सुमारास दुकानांत पोचेल असा बेत होता. (प्रत्यक्षातली ती मालिका ऑस्ट्रेलियाने 5-0 ने धुतली.) समालोचनाला मार्क निकोलस आणि रिची बेनॉ. इंग्लंडच्या काउंटी आणि ऑस्ट्रेलियाची राज्यं यांच्या देशांतर्गत स्पर्धाही आत होत्या.

रणजी करंडक मात्र नव्हता. विदर्भातला मुलगा यॉर्कशायरचा कर्णधार होऊ शकत होता, क्वीन्सलँडचा होऊ शकत होता, विदर्भाचा नाही.

आणि भारतीय संघ होता, पण त्यातली माणसं आपली नव्हती. खऱ्या नावांचे आणि गणवेशांचे हक्क ईएने इंग्लंड-ऑस्ट्रेलियापुरते मिळवले होते. बाकीच्या देशांच्या खेळाडूंची नावं बनावट किंवा मोडतोड केलेली. डावखुरा, जाडजूड बॅटचा, पहिल्या चेंडूपासून फटकावणारा, असा अंदाज बांधत कोण कुठला हे ओळखायचं. पहिल्यांदा खेळणाऱ्याला हे खटकायचंच. ज्या देशात क्रिकेट सर्वांत जास्त लोक पाहतात, त्या देशाच्या सलामीवीराला स्वतःचं नाव नाही. या लेखात पुढे जे सांगायचं आहे ते सगळं या एका उणिवेतून निघालं.

त्याआधी गावात संगणक कसा आला ते सांगायला हवं. 2001 साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत, मग मोठ्या गावांतही पोचला. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागलं, तसं ‘आधी एमएस-सीआयटी करून घे’ हे घराघरातलं वाक्य झालं. क्लासच्या खोलीत ओळीने पीसी, जाडजूड काचेचे मॉनिटर, कोपऱ्यात यूपीएस. खामगावसारख्या ठिकाणी नेट कॅफे. ज्याचे वडील शिक्षक किंवा बँकेत, त्याच्या घरी हप्त्यावर घेतलेला एखादा असेंबल केलेला पीसी. या यंत्रांत भारी ग्राफिक्स कार्ड नसायचं, रॅम 256 एमबी असली तरी चांगली म्हणायची. ‘क्रिकेट 07’ तेवढ्यावर चालत होता. त्याच्या दीर्घायुष्याचं पहिलं कारण एवढं साधं आहे, आणि खेळांच्या परीक्षणांत ते सहसा लिहिलं जात नाही.

प्लेस्टेशन 2 वर या आवृत्तीची मोठी नवलाई होती ती ‘सेंच्युरी स्टिक’ची. हातातल्या कंट्रोलरवरची उजवी काठी ज्या दिशेला लोटाल त्या दिशेला फटका. आपल्याकडच्या बहुतेकांनी ती काठी पाहिलीच नाही. इथे कीबोर्ड. उजव्या हाताने बाणांच्या कळांवर दिशा धरायची, डाव्या हाताच्या बोटांनी बचाव, जमिनीलगतचा फटका किंवा उचलून मारलेला, यांतला एक निवडायचा. गोलंदाज धावत येताना खेळपट्टीवर टप्प्याची खूण दिसायची आणि त्या क्षणभरात पाय पुढे की मागे हे ठरायचं. फलंदाज जसा स्थिरावेल तसा त्याचा आत्मविश्वास दाखवणारा पट्टा भरत जायचा. पट्टा रिकामा असताना आडवी बॅट फिरवली की झेल ठरलेला. हा पट्टा या खेळाचा खरा शहाणपणा होता. सुरुवातीची काही षटकं खाली मान घालून खेळणं त्याने कितीतरी उतावळ्या पोरांच्या अंगवळणी पाडलं. संगणकाचा संघ कसोटीतही घाईने खेळायचा आणि लवकर बाद व्हायचा, हे त्याचं वैगुण्य. त्यामुळे खरी रंगत माणसाविरुद्ध. एकाच कीबोर्डच्या दोन टोकांना दोघं, खांद्याला खांदा, मागे चार-पाच प्रेक्षक, आणि सामना सुरू होण्याआधीचा ठरलेला वाद: ‘पैले बॅटिंग माही.’

वीज ही वेगळी अडचण. त्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन दिवसाला बारा-बारा तासांपर्यंत जायचं. सामना किती षटकांचा घ्यायचा हे हौसेवर ठरत नसे, लाइट जायला किती वेळ उरलाय त्यावर ठरे. म्हणून पाच आणि दहा षटकांचे सामने जास्त. कसोटी हा सुट्टीतला, यूपीएस असलेल्या घरचा चैनीचा प्रकार.

खेळ पसरला तो हातोहात. आधी बर्न केलेल्या सीडी, मग पेन ड्राइव्ह. दुकानातून मूळ डबी विकत घेणारे थोडे, नक्कल करून घेणारे भरमसाट. या गोष्टीला गोड नाव देण्यात अर्थ नाही. ज्या खेळाने एका पिढीला इतका आनंद दिला, त्याचे पैसे त्याच्या कर्त्यांना या बाजारातून फारसे पोचले नाहीत. पुढची आवृत्ती का आली नाही याचा विचार करताना हे विसरून चालत नाही.

कारण पुढची आवृत्ती आलीच नाही. 1990 च्या दशकात सुरू झालेली ईएची संगणकावरची क्रिकेट मालिका 07 वर थांबली. आणि नेमक्या त्याच वेळी क्रिकेट बदललं. मार्च 2007 मध्ये वेस्ट इंडीजमध्ये भारत विश्वचषकाच्या पहिल्याच फेरीत बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरून घरी आला. सप्टेंबरमध्ये, 19 तारखेला, डर्बनला युवराजसिंगने स्टुअर्ट ब्रॉडच्या षटकात सहा षटकार मारले. 24 तारखेला जोहान्सबर्गमध्ये धोनीच्या संघाने पाकिस्तानला पाच धावांनी हरवून पहिला ट्वेंटी-20 विश्वचषक जिंकला. 18 एप्रिल 2008 ला आयपीएल सुरू झाली आणि पहिल्याच रात्री ब्रेंडन मॅकलमने नाबाद 158 ठोकल्या. दीड वर्षापूर्वीचा ‘क्रिकेट 07’ अचानक जुन्या काळातला वाटू लागला. त्यात मुंबई इंडियन्स नव्हते, चेन्नई सुपर किंग्ज नव्हते, संघातली नावं तर आधीपासूनच खोटी.

मग खेळणाऱ्यांनीच तो दुरुस्त करायला घेतला.

ईएने खेळाडूंची यादी एका वेगळ्या रोस्टर फाइलमध्ये ठेवली होती. हौशी पोरांनी ती उघडण्याची साधनं तयार केली आणि नावं, डावरा-उजवा, वेग, फिरकी, फलंदाजीचा क्रम, सगळं बदलता येऊ लागलं. मग गणवेश, चेहरे, बॅटवरचे स्टिकर, मैदानं, पडद्याच्या तळाची धावफलकाची पट्टी. याला सगळे ‘पॅच’ म्हणत. भारत, पाकिस्तान, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कुठकुठची मुलं हे फुकट बनवत होती. आयपीएलचा नवा हंगाम आला की नवा पॅच यायचा. गावापर्यंत तो यायला वेळ लागे. नेट कॅफेत कुणीतरी तास-दोन तास बसून उतरवून घेई, पेन ड्राइव्हवर घालून एसटीने घरी आणी, आणि दोन-चार दिवसांत तो सगळ्या पीसींत पोचलेला असे.

ज्यांनी पॅच बसवले त्यांना ती रीत आजही तोंडपाठ असते. झिप फाइल उघडायची. सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, ईए स्पोर्ट्स, त्यात क्रिकेट 07 चं फोल्डर. आधी जुन्या फाइलींची प्रत वेगळी ठेवायची. मग नव्या आत टाकायच्या आणि ‘ओव्हरराइट करू का’ या प्रश्नाला होय म्हणायचं. एखादी फाइल चुकीच्या जागी पडली की खेळ सुरूच व्हायचा नाही, नाहीतर मैदानावर डोकं नसलेला क्षेत्ररक्षक धावताना दिसायचा. मग पुन्हा शोध. एमएस-सीआयटीने वर्ड आणि एक्सेल शिकवलं; फाइल म्हणजे काय, ती कुठे राहते, तिच्या नावाचं शेपूट बदललं की काय होतं, हे अनेकांना या खेळाने शिकवलं. सराव, चूक, दुरुस्ती आणि स्वतःच्या डोळ्यांनी दिसणारं फळ, असं शिक्षण कुठल्याच क्लासच्या पत्रकावर नव्हतं. त्याची किंमत मोठी होती असं ठामपणे म्हणायला हरकत नाही.

याच ईए कंपनीच्या दुसऱ्या एका खेळाची कहाणी ‘क्रिकेट 07’ शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. अमेरिकेत विद्यापीठांचं फुटबॉल, म्हणजे हातात लंबगोल चेंडू घेऊन धडका मारत पुढे सरकायचा तो खेळ, हे एक अवाढव्य प्रकरण आहे. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानावर एक लाखाहून जास्त माणसं बसतात. या स्पर्धेवर ईए दरवर्षी व्हिडिओ गेम काढायची. जुलै 2013 मध्ये आलेला ‘एनसीएए फुटबॉल 14’ त्यांतला शेवटचा ठरला. मुखपृष्ठावर होता मिशिगनचा डेनार्ड रॉबिन्सन, चाहत्यांच्या मतदानातून निवडलेला.

त्या खेळातही खेळाडूंना नावं नव्हती. संघ खरे, मैदानं खरी, वाद्यवृंदही खरे. खेळाडू मात्र फक्त जागा आणि पाठीवरचा आकडा. उंची, वजन, मूळ राज्य, खेळण्याची ढब मात्र खऱ्या विद्यार्थ्याशी जुळणारी. कारण त्या विद्यार्थ्यांना खेळाचे पैसे घेण्याची मनाई होती; नाव छापलं असतं तर पैसे देण्याचा प्रश्न आला असता. 2009 मध्ये सॅम केलर हा माजी क्वार्टरबॅक आणि यूसीएलएचा माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन यांनी वेगवेगळे दावे लावले: चेहरा आमचा, अंगकाठी आमची, मग कमाई तुमची कशी? ईए आणि तिच्या परवाना-भागीदाराने 4 कोटी डॉलरवर तडजोड केली, विद्यापीठांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने 2 कोटी दिले आणि मालिका बंद पडली.

तिथल्या चाहत्यांनीही मग हेच केलं. दर हंगामाला हजारो नावं हाताने भरलेली रोस्टर, नवे गणवेश, नव्या खुणा. दहा-अकरा वर्षं ‘14’ हीच चालू आवृत्ती राहिली आणि जुन्या प्रतींना नव्याहून जास्त भाव आला. 2021 पासून विद्यार्थी-खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करण्याची मुभा मिळाली. जुलै 2024 मध्ये ईए नवा खेळ घेऊन परतली, तेव्हा त्यात येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला 600 डॉलर आणि खेळाची प्रत देऊ केली. दहा हजारांहून जास्त जणांनी होकार दिला.

म्हणजे दोन्हीकडे नाव गाळलं ते पैशासाठी, आणि भरलं ते प्रेमापोटी. फरक पुढच्या टप्प्यात आहे. अमेरिकेत गाळलेलं नाव कोर्टात गेलं, त्याचा मोबदला ठरला आणि नवी आवृत्ती आली. भारतीय संघाच्या गाळलेल्या नावांवर असा दावा कुणी चालवला नाही. नावाचं मोल इथे ठाऊक नव्हतं असं मात्र नाही. 2007 मध्ये कोडमास्टर्स या प्रतिस्पर्धी कंपनीने ब्रायन लाराच्या नावाचा खेळ भारतात ‘युवराजसिंग इंटरनॅशनल क्रिकेट 2007’ म्हणून विकला, ऑस्ट्रेलियात तोच रिकी पाँटिंगच्या नावाने. त्यातली चित्रं चांगली होती. तरी लोक ‘क्रिकेट 07’ कडे परतत राहिले; त्यात बदल करता येत होते.

2014 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बिग अँट कंपनीचा ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट 14’ आला. खेळाडू आणि संघ स्वतः घडवून इतरांना देण्याची सोय त्यात अधिकृतपणे होती. पोरं वर्षानुवर्षं जे चोरवाटेने करत होती ते आता खेळाचाच भाग झालं. पण त्याला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागे, आणि गावातले पीसी तेच जुने होते. तोवर मोबाइलही आला. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ सुरू झालं आणि नॉटिलस मोबाइलचा ‘रियल क्रिकेट’, चेन्नईच्या नेक्स्टवेव्हचा ‘वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप’ हे भारतात बनलेले खेळ खिशात येऊन बसले. कीबोर्डच्या दोन टोकांना बसणारी जोडी मोडली.

‘क्रिकेट 07’ चे समालोचक रिची बेनॉ 10 एप्रिल 2015 ला गेले. खेळात त्यांचा आवाज तसाच राहिला, मोजका आणि संथ. पोट्ट्यांच्या एका पिढीने त्यांना टीव्हीवर कमी आणि या खेळात जास्त ऐकलं. 1 जानेवारी 2018 ला इंदूरच्या होळकर मैदानावर खेळात जागा नसलेल्या विदर्भाने फैज फझलच्या नेतृत्वाखाली दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं आणि पहिल्यांदा रणजी करंडक आणला. रजनीश गुरबानीने त्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेतली. तेव्हा ‘क्रिकेट 07’ अकरा वर्षांचा होता. ज्याला हौस होती आणि जुनी रोस्टर फाइल उघडता येत होती, त्याला एखाद्या काउंटीच्या जागी हा अकराचा संघ बसवायला एक संध्याकाळ पुरेशी होती: सलामीला फझल, तिसऱ्या क्रमांकावर वसीम जाफर, नवा चेंडू गुरबानीकडे, आणि मग जुन्या फाइलीवर ओव्हरराइट.