वेणीचा स्वेटर आणि टाक्यांचा हिशेब

नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या घाऊक पेढ्या एकमेकींना लागून आहेत. तेथे ठाण उलगडले की त्याचा पन्हा ठरलेलाच असतो. गिऱ्हाइकाने लांबी तेवढी सांगावयाची, अंगाच्या मापाचे पुढे शिंप्याची कात्री पाहून घेते. हाताने विणलेल्या स्वेटराला ही सवलत नाही. तेथे कापड आणि कपडा ही दोन्ही एकाच वेळी जन्मास येतात. पन्हा किती असावा, हे सुईवर पहिले टाके घालतानाच ठरवावे लागते.

स्वेटराची गरज नागपूरकरांना नवी नाही. दुपारी ऊन आणि पहाटे बोचरा गारठा, असा येथील हिवाळा असतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी तर पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. थंडी पडू लागली की तिबेटी विक्रेते शहरात यंत्रावर विणलेल्या स्वेटरांची दुकाने मांडतात. इतका माल तयार मिळत असताना कोणी महिनाभर सुया हाती धरते, ते एका विशिष्ट माणसाच्या मापासाठी. म्हणूनच माप चुकले तर सारा खटाटोप व्यर्थ जातो. आणि वेणीच्या स्वेटरात ते चुकण्याचा संभव फार.

वेणी घालण्याची कृती दिसते तितकी अवघड नाही. वेणीसाठी सहा सुलट टाके राखावेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंस दोन-दोन उलट टाके ठेवावेत. उलट टाके मागे दबतात, त्यामुळे वेणी उठून दिसते. दर सहाव्या ओळीला, सुलट बाजू समोर असताना, पहिले तीन टाके एका लहान जादा सुईवर उतरवून घ्यावेत, पुढचे तीन आधी विणावेत आणि मग जादा सुईवरचे तीन विणावेत. जादा सुई कामाच्या पुढे धरली तर पीळ डावीकडे झुकतो, मागे धरली तर उजवीकडे. प्रत्येक वेळी सुई एकाच बाजूस धरल्यास दोन पेडांचा दोर तयार होतो. मुलींच्या वेणीसारखे तीन पेड हवे असतील तर नऊ टाके घ्यावेत. एकदा पहिल्या सहांचा पीळ सुई मागे धरून घालावा, पुढच्या वेळी शेवटच्या सहांचा सुई पुढे धरून.

खरी मेख पुढेच आहे. पीळ पडतो त्या ठिकाणी तीन टाक्यांवर तीन टाके चढतात आणि सहांची जागा आकसते. हा आकस वरखालच्या ओळींनाही आत ओढतो. म्हणून साध्या विणीचा हिशेब वेणीला लागू पडत नाही. समजा, छाती ९० सेंटिमीटर आहे आणि अंगात सैलपणा राहावा म्हणून स्वेटर १०० सेंटिमीटर करावयाचा आहे. म्हणजे पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी ५० सेंटिमीटर. साध्या विणीत १० सेंटिमीटरांत २२ टाके बसत असतील, तर एका भागाला ११० टाके पुरतात. परंतु त्यात पाच वेण्या घातल्या आणि प्रत्येक वेणीने दोन टाक्यांएवढी रुंदी गिळली, तर दहा टाके, म्हणजे सुमारे साडेचार सेंटिमीटर कमी होतात. दोन्ही भाग मिळून नऊ सेंटिमीटरांची तूट येते. १०० चा स्वेटर ९१ चा होतो आणि सैलपणा जवळजवळ नाहीसा होतो.

यावर उपाय एकच: आधी नमुना विणावा. निदान दोन वेण्या आणि त्यांच्यामधील जागा येईल एवढा तुकडा विणून, धुऊन, सपाट वाळवून मग मोजावा. जितके टाके कमी पडतील तितके वाढवावेत. ही वाढ कमरेची पट्टी संपताना, वेणीच्या जागी करावी. पट्टीतच केल्यास कमर सैल पडते. उलट, खांद्यावर टाके बंद करताना वेणीवरचे काही टाके जोडीजोडीने एकत्र विणावेत, नाहीतर तेथे कड पसरते.

ओघाने लोकरीचाही विचार येतो. वेणीला साध्या विणीपेक्षा लोकर अधिक लागते, तेव्हा एकाच रंगघाणीची पुरेशी लोकर आरंभीच घ्यावी. कापूस हे या प्रांताचे पीक असले तरी सुती धाग्यात लोकरीचा लवचिकपणा नाही; त्याची वेणी चपटी राहते आणि स्वेटर जड होऊन लोंबतो. नागपूरच्या हवेत पातळ लोकर, पुढे दोन वेण्या आणि पाठ साधी, एवढे पुष्कळ होते.

एखादा पीळ चुकीच्या बाजूस पडला तरी सारे उसवण्याचे कारण नाही. तेवढेच सहा टाके चुकीच्या ओळीपर्यंत खाली सोडावेत आणि क्रोशाच्या सुईने ओळीओळीने वर उचलून घ्यावेत. पिळाची चूक अशी सहा टाक्यांत दुरुस्त होते. रुंदीची चूक मात्र पहिल्या ओळीत असते, आणि ती सुधारण्यासाठी पहिल्या ओळीपर्यंतच परत जावे लागते. एका संध्याकाळी विणलेला वीतभर नमुना महिनाभराचे श्रम वाचवतो, तो असा.