घरची शाळा कशी मांडावी?

मुलांच्या शिक्षणाविषयीं आमच्या घरोघर जी चर्चा चालते, तिच्यांत अलीकडे एक नवाच प्रश्न ऐकूं येऊं लागला आहे. पहिलीपासून बारावीपर्यंतचीं पाठ्यपुस्तकें, त्यांवरील धडे, स्वाध्याय आणि चांचण्या हें सर्व जर इंटरनेटवर विनामूल्य मिळतें, तर मुलास घरींच कां शिकवूं नये? छत्रपति संभाजीनगरासारख्या शहरांत, जेथें शाळेची फी, गणवेश, रिक्षा आणि शिकवणी ह्यांचा हिशेब मध्यम स्थितींतील कुटुंबास दरवर्षीं नव्यानें मांडावा लागतो, तेथें हा प्रश्न निघावा ह्यांत नवल नाहीं. कांहीं घरीं तो खर्चामुळें निघतो, कांहीं घरीं मूल शाळेंत रमत नाहीं म्हणून, तर कांहीं घरीं संगीताच्या किंवा खेळाच्या साधनेस वेळ मोकळा हवा म्हणून. कारण कोणतेंही असो; हा मार्ग धरूं पाहणाऱ्यांनीं आरंभ कसा करावा, आणि आरंभापूर्वीं कशाचा विचार करावा, हें आम्ही येथें सांगणार आहों.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, अभ्यासक्रम फुकट मिळतो, पण शिक्षण फुकट होत नाहीं. त्याची किंमत घरांतील कोणीतरी आपल्या वेळानें भरीत असतें. ती कोण भरणार हें आधीं उघडपणें ठरविलें नाहीं, तर ती न विचारतां घरच्या सुनेच्या पदरीं पडते, आणि मग मूलही शिकत नाहीं व आईही थकून जाते.

घरीं शिकणें ही कल्पना आम्हांस परकी नाहीं. पंडिता रमाबाई ह्यांस संस्कृताचे धडे त्यांच्या मातोश्री लक्ष्मीबाई ह्यांनीं पहांटे, घरकामास हात घालण्यापूर्वीं दिले. आणि त्याच विद्येच्या बळावर १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या अर्पण केल्या. रमाबाई रानडे ह्यांचें लग्न १८७३ सालीं झालें, त्यानंतर त्यांचें शिक्षण न्यायमूर्तींनीं घरींच सुरू केलें. आनंदीबाई जोशी ह्यांचे पहिले गुरु त्यांचे पति गोपाळराव. त्या १८८६ सालीं अमेरिकेंत एम्. डी. झाल्या. आमच्या मराठवाड्यांत निजामी अमल असतां सरकारी उच्च शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. १९१८ सालीं निघालेलें उस्मानिया विद्यापीठही उर्दूंतच शिकवी. त्या काळीं मराठीचा भार येथील सरस्वती भुवनासारख्या खाजगी संस्थांनीं आणि घरांनीं मिळून वाहिला. ह्या घरांत छापील अभ्यासक्रम नव्हता, यंत्रें नव्हतीं. रोज नेमानें वेळ देणारें एक माणूस मात्र होतें. आज यंत्र आहे, अभ्यासक्रम आहे. माणसाची सोय अजून आपल्यालाच करावयाची आहे.

आतां उपलब्ध साहित्याकडे वळूं. आमच्या मतें मराठी घरानें आरंभ ‘बालभारती’पासून करावा. १९६७ सालीं स्थापन झालेल्या ह्या संस्थेचीं पाठ्यपुस्तकें तिच्या संकेतस्थळावर मराठींत आणि इतर भाषांत विनामूल्य उतरवून घेतां येतात. केंद्रीय अभ्यासक्रम पाहिजे असल्यास एन्. सी. ई. आर. टी. चीं पुस्तकें तशींच मिळतात. २०१७ सालीं सुरू झालेल्या ‘दीक्षा’ ह्या सरकारी व्यासपीठावर धड्यांच्या चित्रफिती व स्वाध्याय आहेत. पाठ्यपुस्तकांत छापलेला चौकोनी संकेत मोबाईलनें टिपला कीं त्या धड्याचें साहित्य समोर येतें. गणितासाठीं २००८ सालीं निघालेली खान अकादमी इंग्रजी व हिंदी समजणाऱ्या मुलास फार उपयोगी पडते, कारण तेथें एक पायरी पक्की झाल्यावर पुढच्या पायरीवर जाण्याची सोय आहे. वाचनासाठीं ‘प्रथम बुक्स’चें २०१५ पासूनचें ‘स्टोरीवीव्हर’, बालभारतीचें १९७१ पासून चालत आलेलें ‘किशोर’ मासिक आणि संदर्भासाठीं मराठी विश्वकोश हें सर्व विनामूल्य आहे. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाचीं खेळणीं करण्याच्या कृति व कित्येक मराठी पुस्तकें श्री. अरविंद गुप्ता ह्यांच्या संकेतस्थळावर सांपडतात.

परदेशांतही असे संपूर्ण अभ्यासक्रम आहेत. त्यांपैकीं ‘ॲम्बलसाइड ऑनलाइन’ हा शार्लट मेसन (१८४२–१९२३) ह्या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंच्या तत्त्वांवर उभारलेला असून त्यांत प्रत्येक वर्षाचें काम ३६ आठवड्यांत वांटून दिलें आहे. त्यांतील पुस्तकें इंग्रजी मुलांसाठीं निवडलेलीं असल्यामुळें तो जसाच्या तसा उचलणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. मात्र त्यांतील पद्धत घेण्याजोगी आहे. धडा लहान असावा. तो लक्षपूर्वक एकदांच वाचावा. आणि वाचून झाल्यावर मुलानें तो आपल्या शब्दांत सांगावा. कीर्तन ऐकून आल्यावर आजीनें “काय ऐकलेंस, सांग बघूं,” असें विचारणें ज्या घरांत चालत आलें आहे, तेथें ही पद्धत शिकविण्याची गरजच नाहीं.

इतकें साहित्य पाहून मन हरखून जातें, आणि पहिली चूक येथेंच होते. दहा ठिकाणीं नांवें नोंदवून मुलापुढें दहा ताटें वाढलीं जातात, आणि तें एकाही ताटांत धड जेवत नाहीं. पहिल्या तीन महिन्यांस पाठ्यपुस्तकांचा एक संच, गणिताच्या सरावाची एक जागा आणि गोष्टींचीं पुस्तकें एवढेंच पुरे. पाठ्यपुस्तक पडद्यावर वाचूं देऊं नये; पानें छापून, शिवून मुलाच्या हातीं द्यावीं, अथवा तयार पुस्तक विकत आणावें. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्यावर मुलें तासन्‌तास मोबाईलपुढें बसून काय शिकलीं व काय विसरलीं, हें आम्ही सर्वांनीं पाहिलें आहे. यंत्रावरील शाळा निराळी आणि घरची शाळा निराळी. नऊ-दहा वर्षांच्या मुलास यंत्र दिवसांतून तीस-चाळीस मिनिटांहून अधिक नको, असें आमचें मत आहे.

दिवसाची आंखणी साधी असावी. सकाळीं स्नान व न्याहारी आटोपल्यावर प्रथम गणित, वीस मिनिटें. मग मराठी वाचन व सांगणें, वीस मिनिटें. थोडें हिंडून आल्यावर शुद्धलेखन व इंग्रजी. त्यानंतर एक दिवस विज्ञान, एक दिवस इतिहास-भूगोल. दोन-अडीच तासांत हें सारें होतें. शाळेचा वेळ अधिक असतो तो पुष्कळ मुलांस एकत्र सांभाळावयाचें असतें म्हणून. एका मुलास शिकविण्यास तितका लागत नाहीं. दुपारीं हातांचें काम, चित्र, वाद्य, संध्याकाळीं मैदान. एका नोंदवहींत रोज काय झालें हें दोन ओळींत लिहून ठेवावें व महिन्याच्या अखेरीस सर्वांनीं मिळून ती वाचावी. मूल पुढें सरकतें आहे कीं तेथेंच घोटाळतें आहे, हें ती वही सांगते.

आतां मुख्य प्रश्न : शिकवावयाचें कोणी? एकत्र कुटुंबाची खरी शक्ति येथें दिसते. आजोबांस गणित किंवा संस्कृत येत असेल, काकांस विज्ञान, आत्याबाईंस गाणें, आजीस गोष्टी आणि पाठांतर. ज्याचा जो विषय, त्याचा तास वारासह ठरवून कागदावर लिहावा आणि तो स्वयंपाकघरांत लावावा. “मला वेळ मिळाला तर शिकवीन” हें वचन शिक्षणांत निरुपयोगी आहे. शिवाय एकानें सर्व तासांची देखरेख करावी लागतेच, आणि ती बहुधा मुलाची आई करते. तेव्हां ज्या सकाळीं ती मुलास घेऊन बसणार, त्या सकाळचा स्वयंपाक, पाहुणे व देवघराची तयारी दुसऱ्या कोणीतरी उचललीच पाहिजे, आणि त्यांत घरच्या पुरुषांचाही वांटा असावा. ती नोकरी करीत असल्यास हा प्रश्न अधिकच बिकट होतो. मुलाच्या शाळेसाठीं तिनें नोकरी सोडावी असें जर कोणी गृहीत धरीत असेल, तर त्या सोडलेल्या पगाराचा आंकडा ‘फुकट’ अभ्यासक्रमासमोर मांडून पाहावा. वाचलेली फी त्यापुढें अनेकदां क्षुल्लक ठरेल. आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींस आमची विनंती आहे कीं, हा हिशेब सुनेनें मांडण्याची वाट न पाहतां तो त्यांनीं स्वतः मांडावा.

दुसरा प्रश्न कायद्याचा व परीक्षेचा. १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या शिक्षणहक्क कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या मुलास शाळेंत दाखल करणें हें पालकांचें कर्तव्य म्हटलें आहे. तें न करणाऱ्या पालकांस त्यांत शिक्षा सांगितलेली नाहीं. पण घरच्या शाळेस निराळी मान्यताही दिलेली नाहीं. त्याच कायद्यांत शाळेबाहेरील मुलास त्याच्या वयास अनुरूप वर्गांत प्रवेश देण्याची तरतूद असल्यामुळें परतीची वाट बंद होत नाहीं, हें लक्षांत ठेवावें. मोठ्या परीक्षांसाठीं तीन दारें आहेत. १९८९ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था ही १४ वर्षें पूर्ण झालेल्यांस दहावीच्या समकक्ष परीक्षेस बसूं देते. तेथील नोंदणी पांच वर्षें चालते व विषय एकेक करून पुरे करतां येतात. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ पांचवी, आठवी, दहावी व बारावीच्या पातळीवर परीक्षा घेतें. आणि राज्य मंडळाची दहावी बाहेरून देणाऱ्यांसाठीं ‘सतरा नंबरचा अर्ज’ आहेच. ह्या सर्वांस शुल्क पडतें व त्यांच्या अटींत वेळोवेळीं बदल होतो. म्हणून त्या त्या वर्षाचें परिपत्रक वाचल्यावांचून पाऊल उचलूं नये. मूल पुढें कोणत्या दारानें बाहेर पडणार, हें तें घरांत बसण्यापूर्वीं ठरवावें.

घरच्या शाळेचा एक लाभ मात्र आमच्या शहरास विशेष आहे. पुस्तकांतील इतिहास व विज्ञान येथें चालत जाऊन पाहतां येतें. पाणचक्कीवर डोंगरांतून मातीच्या नळांनीं आणलेलें पाणी उंचावरून पडून जातें कसें फिरवी, हें पाहिल्यावर पाण्याच्या दाबाचा धडा पुन्हां शिकवावा लागत नाहीं. देवगिरीच्या खंदकावर उभें राहून यादवांचा इतिहास वाचावा; वेरूळास कैलास लेणें वरून खालीं कसें कोरीत आणलें हें मुलास कागदी पेटी कापून करून पाहूं द्यावें; पैठणास १९७६ सालीं पुऱ्या झालेल्या जायकवाडीच्या नाथसागराची पातळी उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत मोजून तिचा आलेख काढवावा. महिन्यांतून एक अशी सहल आणि तिचें मुलानें स्वतः लिहिलेलें वर्णन, हें दहा चित्रफितींच्या तोडीचें आहे.

एका धोक्याकडे आम्हांस वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधावयाचें आहे. शाळेंत मुलाच्या शेजारीं जें दुसरें मूल बसतें, तें निराळ्या जातीचें, धर्माचें, निराळ्या स्थितींतील घराचें असतें. त्याचा डबा, त्याची बोली, त्याचें दुःख मुलास ठाऊक होतें, आणि हें शिक्षण कोणत्याही संकेतस्थळावर मिळत नाहीं. आमच्या घरांत विद्येची आवड असली, तरी आपल्यासारख्यांतच वावरण्याची संवयही आहे. घरची शाळा ती संवय घट्ट करील, तर मुलाचें नुकसानच होईल. म्हणून मैदानावरील संघ, सार्वजनिक ग्रंथालय, चित्रकलेचा किंवा पोहण्याचा वर्ग ह्यांपैकीं दोन ठिकाणीं तरी मूल आठवड्यांतून नेमानें गेलेंच पाहिजे, आणि त्याचे मित्र घरीं येऊन पंगतीस बसले पाहिजेत.

शेवटीं, हें सारें वाचून उत्साह वाटत असेल तर दाखला काढण्यास आजच धांवूं नये. येत्या दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टींत तीन आठवडे वर सांगितलेली आंखणी चालवून पाहावी. तीन आठवडे तास नेमानें झाले, ज्यानें जें काम पत्करलें त्यानें तें केलें, आई थकली नाहीं आणि मूल स्वतःहून पुस्तक मागूं लागलें, तर पुढचें पाऊल टाकावें. तसें न झालें, तर शाळा आहेच. आणि संध्याकाळचा एक तास, आजोबांचें गणित व महिन्याची सहल हीं शाळेच्या जोडीनें चालविण्यास कोणाची आडकाठी नाहीं. पुष्कळ घरांस तेवढ्यानेंच पाहिजे होतें तें मिळेल, असा आमचा विश्वास आहे.