मॅडिसन अव्हेन्यूवरची लहान शाळा

न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम भागात, मॅडिसन अव्हेन्यूवरच्या एका मोठ्या सरकारी इमारतीत डेबोरा मायर यांनी १९८५ साली ‘सेंट्रल पार्क ईस्ट सेकंडरी स्कूल’ सुरू केलं. वर्ग सातवी ते बारावी, पट साडेचारशेच्या आसपास. बहुतेक मुलं कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो आणि गरीब घरांतली. शहरातल्या सरकारी हायस्कुलांतली जेमतेम निम्मी मुलं त्या काळी वेळेत शिक्षण पूर्ण करत. इथली बहुसंख्य मुलं बारावी पूर्ण करून कॉलेजात गेली. या यशाचं श्रेय लहान पटाला दिलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. इतरत्र एका शिक्षकाकडे दीडशेच्या वर विद्यार्थी असताना इथे चाळीसच्या आसपास होते, आणि दोन-दोन तासांच्या तासिकांमुळे ते त्याच्या नजरेसमोर राहत. शेवटी मुलांना चौदा विषयक्षेत्रांतलं स्वतःचं काम मांडावं लागे आणि त्यातल्या सातांवर समितीपुढे तोंडी उत्तरं द्यावी लागत. पुरावा काय, हे कोणाच्या नजरेतून पाहिलं, असे प्रश्न तिथे विचारले जात. पट लहान होता म्हणून हे जमलं. पण लहान पटामुळे ते आपोआप घडत नव्हतं.

जागरूक पालकांनीच ही शाळा निवडली, मग मुलं पुढे जाणारच, हा आक्षेप रास्त आहे. या एका शाळेच्या आकड्यांवरून तो खोडताही येत नाही. मात्र २००२ नंतर न्यूयॉर्कने अशाच वस्त्यांतल्या मुलांसाठी शंभराहून अधिक लहान हायस्कुलं उघडली आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले, तिथे प्रवेश सोडतीने दिले. अर्ज दोन्हीकडच्या पालकांनी केला होता, फरक फक्त नशिबाचा. एमडीआरसी या संशोधन संस्थेच्या २०१० च्या अहवालात सोडत लागलेल्यांपैकी ६८.७ टक्के मुलं चार वर्षांत उत्तीर्ण झाली, न लागलेल्यांपैकी ६१.९ टक्के. गरिबीपुढे शाळेचं काही चालत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे जवळपास सात टक्क्यांचं अंतर जरूर पाहावं. उलट, लहान शाळांसाठी देशभर मोठा पैसा ओतणाऱ्या बिल गेट्स यांनी २००९ च्या वार्षिक पत्रात त्यांपैकी अनेक शाळांत निकाल फारसे सुधारले नाहीत, असं मान्य केलं. पट कमी केला आणि शिकवण्याची रीत तीच ठेवली, तर दुसरं काय होणार? शिवाय लहान शाळेत पाच-दहा मुलांच्या फरकानेही टक्केवारी डोलते, त्यामुळे एका वर्षाच्या निकालावरून तिला डोक्यावर घेणं किंवा झोडपणं दोन्ही अन्यायाचं.

मायर १९९०च्या दशकात बॉस्टनला गेल्या. पुढे राज्याच्या रीजेंट्स परीक्षांनी तोंडी सादरीकरणाची जागा घेतली आणि आता ‘सेंट्रल पार्क ईस्ट हायस्कूल’ नावाने तिथे नववी ते बारावीचे वर्ग भरतात. त्यामुळे आजचा निकाल चांगला असो वा वाईट, मायर यांच्या पद्धतीचा न्याय त्यावरून करता येणार नाही.