पाणी यंत्रात तुंबतं, दोष वाडीत असतो

डिशवॉशरचं काम संपलं, दार उघडलं आणि तळाशी चार बोटं गढूळ पाणी तसंच उभं दिसलं की घरातल्यांचा निकाल ठरलेला असतो: पंप गेला. मग मेकॅनिकला फोन, तो येईपर्यंत भांडी पुन्हा बेसिनमध्ये. खरं तर पंपावरचा आरोप सगळ्यांत शेवटी करायला हवा. फिल्टरखालच्या खळग्यात राहिलेलं थोडंसं पाणी हा तर बिघाडच नव्हे. त्याहून जास्त पाणी उभं असेल, तरी बहुतेकदा पंप धडधाकट असतो आणि पाण्याच्या वाटेत काहीतरी अडकलेलं असतं. ती वाट यंत्राच्या पाठीमागे संपत नाही. ओट्याखालून, भिंतीतून ती थेट परसात जाते, आणि अलिबागच्या दक्षिणेला अक्षी व रेवदंडा यांच्या मधल्या नागावसारख्या गावात हे परस म्हणजे नारळी-पोफळीची वाडी असते.

या यंत्राचा पंप किती छोटा असतो ते आधी पाहू. एका फेरीत तो उपसतो ते पाणी जेमतेम तीन-चार लिटर, आणि ते फार तर मीटरभर उंच चढवायचं एवढीच त्याची ताकद. निचऱ्याच्या नळीचं तोंड जमिनीपासून साधारण 40 ते 100 सेंटिमीटरच्या दरम्यान ठेवा, असं माहितीपुस्तिका सांगतात ते यासाठीच. एवढ्याशा जोराला नळीतली एक घडीसुद्धा भारी पडते. घराच्या नळकामावरचं हे अवलंबून असणं जुनंच आहे. अमेरिकेच्या जोसेफिन कॉक्रन यांना 1886 मध्ये भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं, पण गिऱ्हाईक मिळालं ते मुख्यतः हॉटेलांचं. पुरेसं गरम पाणी आणि तशी नळव्यवस्था तेव्हाच्या घरांत नव्हती.

दोष यंत्रात की वाटेत, हे ठरवायला एक बादली पुरते. यंत्राची वायर काढा, निचऱ्याची नळी बेसिनखालच्या जोडातून सोडवा आणि तिचं तोंड बेसिनमध्ये ठेवलेल्या बादलीत धरा. बादली जमिनीवर नको, कारण उतारामुळे पाणी आपसूक वाहून फसगत होऊ शकते. मग वायर जोडून फक्त निचऱ्याची फेरी चालवा. बादलीत जोरदार धार पडली तर यंत्र निर्दोष सुटलं. उलटी तपासणीही करता येते. नळी पूर्ववत जोडून यंत्र बंद ठेवा, बेसिनचा नळ सोडा. बेसिनचं पाणी यंत्राच्या तळाशी दिसू लागलं, तर पुढची वाट तुंबली आहे आणि नळी ओट्याच्या खालच्या बाजूला उंच वळण देऊन बांधलेली नाही. दोन्ही चुका एकाच वेळी पकडल्या जातात.

नागावच्या बाबतीत ही पुढची वाट जास्त बोलकी आहे. मोरीचं पाणी वाडीत केळी-अळवाला सोडायची इथली जुनी रीत, आणि आता अनेक घरांत शोषखड्डा. वाळूमिश्रित जमीन उन्हाळ्यात पाणी भराभर पिते. पण या पट्ट्यात वर्षाला 2000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांतच. विहिरी काठोकाठ येतात तेव्हा खड्ड्याभोवतीची जमीनही भरलेली असते, तिथे आणखी पाणी जाणार कुठे? मे महिन्यात बिनतक्रार चालणारं यंत्र जुलैत तुंबलं, तर आधी परसातल्या चेंबरचं झाकण उचलून पाहावं. त्यात पातळी वर आलेली असेल, तर नवा पंप बसवूनही पाणी हलणार नाही. पाहुण्यांच्या जेवणावळी चालतात त्या घरांत मटणाची चरबीही पाइपात थिजून बसते. खोबरेलावर उगाच आळ येतो. ते साधारण 24 अंशांखाली गोठतं, म्हणजे इथे थंडीतल्या पहाटे. (डिशवॉशरचं पाणी मात्र सरळ झाडांच्या मुळाशी सोडू नये. त्यात क्षार असतात, पाणी मृदू करण्यासाठी घातलेलं मीठही असतं.)

बादलीत धार पडलीच नाही, तर दोष आत आहे. वायर काढून पाणी निवू द्या, ते स्पंजने टिपा, फिल्टर फिरवून काढा. सुरमईचा काटा, आमसुलाची साल, नारळाची शेंडी, काचेचा कपचा, असा ऐवज तिथे सापडतो. त्याखालचं पंपाचं झाकण निघत असेल, तर आतलं छोटं चक्र काडीने फिरवून पाहा. ते अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतं. आतल्या चुंबकामुळे तसं होतं, त्याला बिघाड समजू नये. शनिवार-रविवारपुरत्या उघडणाऱ्या घरांत हे चक्र वाळलेल्या खरकट्याने चिकटून बसू शकतं. बॉशच्या यंत्रावर ई24 दिसलं तर नळीचा मार्ग, ई25 दिसलं तर पंपातला अडथळा किंवा नीट न बसलेलं झाकण पाहावं.

यावर आक्षेप येतो वॉरंटीचा. पण फिल्टर धुणं हे वापरणाऱ्याचंच काम असल्याचं कंपन्यांच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. वॉरंटीला धोका आहे तो स्क्रू काढून यंत्र खोलण्यात, आणि ते करू नयेच. दुसरा आक्षेप असा की भांडी आधी विसळूनच लावली तर हे सगळं टळेल. टळेल खरं, पण मग यंत्र कशाला घेतलं? काटे, साली आणि चरबी कागदाने निपटून काढली की पुरतं, मसाल्याचा रस्सा यंत्र धुतंच. काही जण पाइप साफ करायचं तीव्र रसायन सुचवतात. ते यंत्रात अजिबात ओतू नका. आतल्या रबराला ते खातं आणि नंतर हात घालणाऱ्याला भाजतं.

एवढं करूनही पाणी हललं नाही आणि निचऱ्याच्या वेळी पंपाचा आवाजच येत नसेल, तर काम विजेचं आहे, ते मेकॅनिकवर सोडा. फोनवर त्याला बादलीत धार पडली की नाही, पंप घरघरतो की गप्प आहे आणि परसातल्या चेंबरमध्ये पाणी कुठवर आहे, एवढं सांगा. येताना पंप आणायचा की नाही हे त्याला ठरवता येईल.