जांभूळ आणि पारजांभूळ

नाव जुळले म्हणजे कुळ जुळलेच असे नाही, हा धडा प्रस्तुत लेखकास महसूल खात्याच्या नोकरीत मिळाला. मावळातील एका खातेदाराच्या बांधावरील झाड त्याने ऐकीव माहितीवरून ‘जांभूळ’ म्हणून लिहिले. पुढे तोडीच्या परवानगीच्या वेळी ते पारजांभूळ निघाले. झाडांच्या तोडीचे नियमन करणाऱ्या १९६४ च्या महाराष्ट्र अधिनियमाच्या अनुसूचीत जांभळाचे नाव आहे, पारजांभळाचे नाही. एका चुकीच्या शब्दापायी त्या गृहस्थास विनाकारण हेलपाटे पडले.

वनस्पतिशास्त्राची वर्गवारी आपल्या दप्तरासारखीच आहे. कुल म्हणजे जिल्हा, प्रजाती म्हणजे तालुका आणि जाती म्हणजे गाव, असे समजावे. जांभळाचे कुल मिर्टेसी, प्रजाती सिझिजियम. ह्या प्रजातीत सुमारे १,२०० जाती असून लवंग त्यांपैकीच एक. पेरू व निलगिरी ह्यांची प्रजाती निराळी, पण कुल तेच.

ह्या झाडाची नोंदही अनेकदा फिरली आहे. लिनिअसने १७५३ साली त्यास मिर्टस प्रजातीत घातले. पुण्याच्या सायन्स कॉलेजाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक ह्यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात ते ‘युजेनिया जांबोलाना’ ह्या नावाने आहे. १९१२ साली स्कील्सने दिलेले ‘सिझिजियम क्युमिनी’ हे नाव आज रूढ आहे. नावे बदलली, झाड तेच.

पारजांभूळ मात्र ऑलिएसी कुलातील, म्हणजे जाईजुई व पारिजातकाचे भाऊबंद. लोणावळा-खंडाळ्याच्या सदाहरित रानात दोन्ही झाडे आढळतात व दोहोंची पाने समोरासमोर येतात; म्हणून फसगत होते. खुणा अशा: जांभळाच्या पानाची कड अखंड असते, कडेलगत एक शीर धावते व पान चुरगळल्यास वास येतो. फुलात केसरांचा झुबका असतो आणि फळाच्या टोकाशी वाटीसारखा खळगा राहतो. पारजांभळाच्या पानास बहुधा दाते असतात, इवल्याशा फुलात केसर दोनच, आणि नर व मादी झाडे वेगवेगळी.

तरी बंधूंनी बांधावरील झाडाची नोंद करविताना पान व फूल हाती घेऊन खात्री करावी, आणि कोणतेही झाड तोडण्यापूर्वी वन खात्याकडे विचारणा करावी. कुऱ्हाड पडल्यावर नोंद दुरुस्त होते, झाड नव्हे.