एका तपाने फुलणारी

पावसाळा सरत आला की अधूनमधून मोबाइलवर निळ्याजांभळ्या डोंगराचे फोटो येऊन धडकतात. खाली ओळ ठरलेली, ‘बारा वर्षांतून एकदाच!’ मग पुन्हा चारेक वर्षांत तेच फोटो, तीच ओळ. एवढ्यात तप कसं संपलं? फोटो खरे असतात, हिशेबही खरा असतो. डोंगर तेवढा निराळा असतो. नीलकुरिंजीचं बारा वर्षांचं चक्र जागोजागी वेगळ्या साली सुरू झालेलं आहे. मुन्नारजवळच्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात ती १९९४, २००६ आणि २०१८ साली फुलली. चिकमगळुरूच्या डोंगरांवर तिचा बहर आला तो २०२२ साली.

पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, उंचावरच्या गवताळ उतारांवर हे झुडूप वाढतं. आपल्या कारवीची ही सख्खी बहीण म्हणायला हरकत नाही. सह्याद्रीतली कारवीही सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी फुलते, बी धरते आणि वाळून जाते; मग तिच्या काठ्या कुडाच्या भिंतींना लागतात. कुरिंजीचं आयुष्यही असंच, फक्त लांबलेलं. एका उतारावरची सगळी झाडं एकदम फुलतात आणि एकदमच मरतात.

आता हा खटाटोप कशासाठी? अभ्यासकांचं एक उत्तर असं, की दरवर्षी थोडं थोडं बी आलं तर किडे, पाखरं आणि उंदीर ते सहज फस्त करतील. सगळ्यांनी मिळून एकाच हंगामात बियांचा खच पाडला, की गावजेवणासारखं होतं. खाणारे पोट फुटेस्तोवर खातात, तरी उरतंच. शिवाय मधल्या वर्षांत बीच नसल्यामुळे या खवय्यांची संख्याही वाढत नाही.

पण या युक्तीला डोंगरभर झाडं लागतात. चहाचे मळे, निलगिरी आणि वॅटलच्या लागवडीने गवताळ उतारांचे तुकडे पडले. तुकड्यावर उरलेल्या मूठभर झाडांचं बी खाणाऱ्यांना पुरून उरेल याची खात्री नाही. वणव्याचंही तसंच. फुलण्याआधीच झुडपं जळाली, तर बारा वर्षांची कमाई बी न पडताच संपते. पर्यटकाने तोडलेल्या फांदीकडेही म्हणूनच निराळ्या नजरेने पाहावं लागतं. जास्वंदीचं फूल तोडलं तर उद्या दुसरं येतं. इथे त्या झाडाला दुसरी संधी मिळत नाही.

मुन्नार परिसरातले मुथुवन आदिवासी पूर्वी या बहरांवरून माणसाचं वय मोजत. केरळ सरकारने २००६ साली खास तिच्यासाठी कुरिंजीमला अभयारण्य जाहीर केलं, पण तिथल्या जमिनीच्या मालकीचे वाद पुढे वर्षानुवर्षं चालले. २०१८ च्या बहराच्या तोंडावर केरळात महापूर आला, रस्ते खचले, आणि मुन्नारला जायला निघालेल्या अनेकांनी बेत रद्द केले. डोंगर मात्र फुलला. एरविकुलमची पुढची पाळी २०३० साली आहे. जायचं असेल तर खोल्यांची चौकशी आधीच केलेली बरी.